तीन नंबरच्या खुर्चीत आधी कोण

सारिका उतेकरला एका कागदावर सही करायची होती. कागद इंग्रजीत होता, एका पानाचा. त्याचा अर्थ असा, की जानेवारीत जहाजावरच्या राइडवर जी लाल रेघ दिसली ती भेग नव्हती, ते सारिकानंच पूजेसाठी लावलेलं कुंकू होतं. आणि राइड पाच दिवस बंद राहिली ती तिच्या गैरसमजामुळे. सही केली तर जूनपासून नवा करार. नाही केली तर त्या कंपनीचं दार बंद. आणि एजंट रितेशच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या कंपन्या पहिला प्रश्न तोच विचारणार, आधीचं जहाज का सुटलं?

मुदत होती चैत्रातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्याच दिवशी वाडीत लाट होती.

उतेकरवाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं, की घाट सुरू व्हायच्या आधी डावीकडे एक कच्चा रस्ता उतरतो, तो वाडीत संपतो. बत्तीस घरं. त्यातली निम्मी वर्षभर कुलपात असतात आणि मुंबईची माणसं आली की उघडतात. गणपतीला उघडतात, आणि त्याहून जास्त लाटेला.

ज्यांनी लाट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाखमातेच्या देवळापुढं पंधरा फुटी खांब रोवलेला आहे. त्याच्या डोक्यावर लोखंडी खुंटा. खुंट्यावर चाळीस फुटांचा सागाचा ओंडका आडवा बसवतात, तीच लाट. एक टोक खाली घ्यायचं, नवस फेडणाऱ्याला छातीला आणि कमरेला शेल्यानं त्या टोकाला बांधायचं, मग दुसरं टोक दोरानं खाली ओढायचं. माणूस वर जातो. दोर धरलेली माणसं गोल पळतात आणि वरचा माणूस देवळाच्या कौलांवरून, फणसाच्या शेंड्यावरून फिरतो. खाली ढोल चालू असतो. वरचा कधी हसतो, कधी डोळे मिटून घेतो.

बांधणीचा मान सारिकाच्या घराचा. आधी आजोबा येसाजी बांधायचे, मग वडील भागोजी. त्या मानाला एक अट आहे. जो बांधेल तो आधी लटकेल. बांधणारा एक फेरी मारून खाली आल्याशिवाय दुसऱ्या कुणाला शेला गुंडाळायचा नाही. ही अट कुणी घातली ते कुणाला माहीत नाही. भागोजींना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "गाठ खोटी असंल तर पयला मीच पडंन ना. मग खोटी मारीन कशाला?"

सारिका आणि मी महाडच्या आयटीआयला फिटर ट्रेडला एका बाकावर होतो. वर्गात मुली दोनच. पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर नट-बोल्ट काढून विचारलं, जोड तपासायचा कसा? सगळ्यांनी पाना, गेज, पुस्तकातलं काय काय सांगितलं. सारिका म्हणाली, "आधी कान लावायचा सर, मग ठोकायचं, मग स्वतः लटकायचं." वर्ग हसला. सरांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली, पण उत्तर बदललं नाही.

हे ती घरून शिकून आली होती. लाटेच्या आदल्या संध्याकाळी भागोजी ओंडक्यावर हातोडीनं ठोकत जायचे आणि ती कान लावायची. बायकांनी लाटेवर चढायचं नसतं, असा वाडीचा रिवाज. पण आदल्या संध्याकाळी तिथं कुणी नसायचं. भागोजी तिला बांधायचे आणि अर्धी फेरी फिरवायचे. "बाबा दुसऱ्या दिवशी लटकायचे ते लोकांसाठी," ती सांगते. "मी आदल्या दिवशी लटकायचे ते गाठीसाठी."

आयटीआयनंतर ती महाड एमआयडीसीत एका कंपनीच्या देखभाल विभागात लागली. तिथं उंच टाक्यांच्या कामाला मुंबईहून दोरावरची माणसं यायची. दोराला लटकून वेल्डिंग तपासायचं काम. एकदा त्यातला एक जण आला नाही, तर ही म्हणाली, मी जाते. पुढं तिनं त्याचाच कोर्स केला, धातूतली भेग शोधायचं प्रमाणपत्र घेतलं, आणि एका दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर मला म्हणाली, "जहाजावर राइड असतात, माहीत हाय तुला? त्यांना तपासणारी माणसं लागतात."

मला माहीत नव्हतं. जहाजावर माणसं हवा खायला जातात, पत्ते खेळतात, एवढंच डोक्यात होतं. ती म्हणाली, आता त्यांना तेवढ्यानं भागत नाही. समुद्राच्या मध्यावर जाऊन त्यांना घसरगुंडी पाहिजे, रोलर कोस्टर पाहिजे, दोरीवरून डेकवर घसरत यायला पाहिजे.

तिला मिळालेलं जहाज अठरा मजली होतं. चार हजार पाहुणे, दीड हजार कामाची माणसं. सगळ्यात वरच्या डेकवर जी राइड होती, तिचं नाव काहीतरी ताऱ्याबिऱ्याचं होतं, पण काम करणारे तिला नुसतं 'हात' म्हणायचे. मधे फिरता खांब. खांबावर पांढरा रंग दिलेला लांबलचक लोखंडी हात. एका टोकाला सहा खुर्च्या, दुसऱ्या टोकाला समतोलाचं वजन. पट्टे बांधून माणसं बसली की हात वर उचलला जातो, फिरतो, आणि खुर्च्या जहाजाच्या कडेबाहेर जातात. पायाखाली डेक नाही. पन्नास मीटर खाली नुसता समुद्र.

पहिल्या दिवशी ती तिथं उभी राहून हसायलाच लागली. राइड विभागाचा प्रमुख मारेक म्हणून होता, उंच, जाड, पोलंडचा. त्यानं विचारलं, हसतेस का?

"आमच्या वाडीत हेच आहे," ती म्हणाली. "लाकडाचं."

"परवाना कुणाचा?"

"देवीचा."

मारेकलाही हसू आलं. तो वाईट माणूस नव्हता, हे ती आजही सांगते. तिच्या हाताखालची लिझा फिलिपिन्सची, ती बटणं चालवायची. रोज सकाळी नियमाप्रमाणे राइडची एक रिकामी फेरी, मग वाळूच्या पिशव्या ठेवून एक. त्यानंतर सारिका स्वतः बसायची. हे नियमात नव्हतं. मारेक म्हणायचा, पिशव्या बसल्या ना, तू कशाला? ती म्हणायची, पिशवी ओरडत नाही. तीन नंबरची खुर्ची हाताच्या अगदी टोकाला, तिला सगळ्यात जास्त झोक बसायचा. म्हणून ती तीन नंबरला बसायची.

ऑक्टोबरात तिनं एक चूक केली. ही चूक ती लपवत नाही, म्हणून मीही लपवत नाही.

खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, पाना, मोटारसायकल, जे हाताखाली असेल ते पुजतात. महाडच्या कंपन्यांतही लेथला हार असतो. तिनं सकाळी डबीतलं कुंकू बोटावर घेतलं, खांबाच्या बुडाशी पाच बोटं ओढली, जेवणाच्या हॉलमधल्या फुलदाणीतलं एक फूल ठेवलं, नमस्कार केला आणि नाश्त्याला गेली. तासाभरानं मारेक आला. पांढऱ्या खांबाच्या बुडाशी लाल ओघळ. त्या यंत्राच्या नळ्यांतलं तेल लालच असतं. त्याला वाटलं, तेल गळतंय. त्यानं राइड बंद केली, तीन माणसं लावून अर्ध्या नळ्या उघडल्या. सारिका परत आली आणि म्हणाली, ते मी लावलंय.

लेखी ताकीद मिळाली. शिवाय नाव पडलं, मिस कुंकू. लिझा रोज सकाळी कपाळावर बोट टेकवून दाखवायची.

"यंत्रावर लाल काही लावायचं नसतं हे मी दुसऱ्यांना शिकवते," सारिका म्हणाली. "आणि मीच लावलं. बोलणी खाल्ली. बरोबर होतं ते."

जानेवारीत दोन दिवस समुद्र खवळलेला होता. राइड बंद. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि पाहुणे वरच्या डेकवर रांग लावून उभे राहिले. राइड सुरू करायच्या आधी सारिका छोटी हातोडी घेऊन सहाही खुर्च्यांच्या वरचे कान ठोकत गेली. खुर्ची ज्या जाड लोखंडी कडीला अडकवलेली असते, तिला कान म्हणतात. एक, दोन, खणखणीत. तीन, बद्द. परत ठोकलं. बद्द. चार, पाच, सहा खणखणीत.

तिनं तीन नंबरचा कान पुसला, त्यावर तपासणीचा लाल रंग फवारला, दहा मिनिटं थांबली. रंग पुसून काढला आणि वर पांढरी पावडर मारली. लोखंडाला भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पावडरीत उतरतो. नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. वेल्डिंगच्या कडेनं एक लाल रेघ उतरली. केसाएवढी बारीक, चौदा मिलिमीटर लांब.

तिनं सगळं धुतलं आणि पहिल्यापासून परत केलं. तीच जागा, तीच रेघ. मग तिनं त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली, आणि पावडरीसकट ती रेघ आपल्या वहीत चिकटवली. तारीख घातली. कानावर परत पावडर मारली, रेघ परत उतरली. ही तिची शिकलेली रीत.

मारेक आला, त्यानं पाहिलं. "परत तुझं कुंकू?"

"कुंकू खांबाला लावलं होतं. तेही ऑक्टोबरात. हा खुर्चीचा कान आहे."

"रंगाचा ओरखडा असेल."

"ओरखडा दोनदा धुतल्यावर परत येत नाही."

मारेकनं मागं वळून रांगेकडे पाहिलं. दोन दिवस कोंडून बसलेली माणसं. खालच्या मजल्यावरून जहाजाच्या हॉटेल विभागाच्या मोठ्या बाईंचा फोन तीनदा येऊन गेला होता. पाच दिवसांनी ज्या बंदरात सुटा भाग मिळणार होता, तोवर ही राइड बंद ठेवायची म्हणजे त्याची शोभा होणार होती. तो म्हणाला, "पाच दिवस चालेल ते. वेग कमी ठेवू. सही कर."

"नाही करत."

"मग मी करतो. माझी सहीही चालते."

त्यानं खरंच तपासणीच्या पानावर सही केली. सारिका म्हणाली, "आमच्याकडे सही करणारा आधी बसतो."

"काय?"

"तुमची सही आहे ना. बसा. तीन नंबर. लिझा बटण दाबेल."

लिझा दुसरीकडे बघायला लागली. रांगेतली पुढची आठ-दहा माणसं ऐकत होती. मारेक हसला, टोपी काढून सारिकाच्या हातात दिली आणि तीन नंबरच्या खुर्चीत जाऊन बसला. छातीचा पट्टा लावला, कमरेचा लावला. डोकं मागं टेकवलं तर कान बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर वर. पांढऱ्या पावडरीत लाल रेघ. तो त्या रेघेकडे बघत राहिला.

"सुरू करू?" सारिकानं विचारलं.

रांगेतल्या एका म्हातारीनं गळ्यातला कॅमेरा वर उचलला. मग मारेकनं कमरेचा पट्टा सोडला, छातीचा सोडला, उतरला. म्हणाला, "माझं वजन जास्त आहे. ही बरोबर चाचणी होणार नाही."

टोपी घेऊन तो निघून गेला. जाताना त्यानं राइडच्या दारावरची पाटी उलटी केली. बंद.

पाच दिवसांनी बंदर आलं, कान बदलला. जुना कुठं गेला ते तिला कुणी सांगितलं नाही. त्याच बंदरात तिला उतरवलं. कारण लिहिलं होतं, वरिष्ठाचा पाहुण्यांसमोर अपमान. विमानानं मुंबई, एसटीनं पोलादपूर. मार्चमध्ये रितेशच्या मार्फत तो कागद आला.

आता घरातलं सांगतो. लाटेच्या आठवडाभर आधी मी वाडीत गेलो, तेव्हा पडवीत हाच विषय चालला होता. महिपतीकाका, म्हणजे भागोजींचे चुलत भाऊ आणि गावकीचे प्रमुख, भिंतीला टेकून बसले होते. त्यांची अडचण वेगळी होती. मुंबई मंडळानं लाटेच्या दिवशी सारिकाचा सत्कार ठरवला होता. 'विदेशी जहाजावर कार्यरत वाडीची पहिली कन्या' असा दहा फुटी बॅनर छापून रस्त्याच्या तोंडाशी लावलासुद्धा होता. वर जहाजाचा फोटो. तोही भलत्याच जहाजाचा.

"आता मी मायकात काय सांगू?" महिपतीकाका म्हणाले. "कार्यरत होती म्हनून सांगू?"

"सांगा की," सारिका म्हणाली.

"अगो, सही म्हंजे काय मोठं हाय? आन त्यांनी वाईट काय लिवलंय? कुंकू लिवलंय. देवीचंच नाव हाय."

"नव्हतं ते कुंकू काका."

"बगू तुजी वही." त्यांनी चिकटपट्टी उजेडात धरली. "लाल तर हाय."

"ऱ्हाऊ दे ती वही," आतून आई तुळसाबाई म्हणाल्या. "पोरीला नोकरी पायजे का वही पायजे?" आई सहीच्या बाजूनं होत्या. त्यांनी आयुष्यभर ज्या कागदावर बोट दाखवलं तिथं अंगठा दिला होता, कशाचंच काही वाकडं झालेलं नव्हतं. लेक परत जहाजावर जावी, एवढंच त्यांना हवं होतं. "सही करून टाक गो. लोखंडाला काय कळतंय, भेग होती का कुंकू."

गेल्या पावसात बांधावरून पडून भागोजींचा उजवा खांदा मोडला होता, तो नीट सांधला नव्हता. त्यांनी वही मागितली. पट्टीवरच्या रेघेवर डाव्या हाताचा अंगठा ठेवून लांबी बघितली, आणि वही मिटून परत दिली.

शनिवार उजाडला. घरं उघडली होती, अंगणात गाड्या. दुपारी चारला सत्कार. महिपतीकाकांनी शाल घातली, नारळ दिला आणि मायकात म्हणाले, आपली सारिका जहाजावर फार मोठ्या हुद्द्यावर आहे. सारिकानं मायक घेतला.

"जहाजावर नाय हाय मी," ती म्हणाली. "जानेवारीत उतरवलं मला. तुटकी खुर्ची चालू करायला नाय म्हटलं म्हणून. बॅनर राहू दे. जहाज चुकीचं हाय, पण नाव बरोबर हाय."

लोकांना टाळ्या वाजवाव्या की नाही, कळेना. मागं कुणीतरी शिट्टी मारली. महिपतीकाकांनी मायक काढून घेतला आणि लाटेची घोषणा केली.

ठरलं असं होतं, की भागोजी नावापुरता शेल्याला हात लावतील, सारिका खालून दोर बघेल, आणि तिचा मुंबईचा भाऊ हृतिक पहिली फेरी मारेल. हृतिकनं नवी पांढरी पॅंट घातली होती. प्रत्यक्षात भागोजींचा हात वर जाईना. गाठ सारिकानंच मारली. आधी तिनं ओंडक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोडी चालवली. ढोलवाले थांबले होते. मग खुंट्यात खोबरेल ओतलं, दोर ताणून बघितला, शेल्याचे दोन पदर आवळले.

"चल रे हृतिक," महिपतीकाका म्हणाले.

"हृतिक नाय," भागोजी म्हणाले. "बांधली कुनी?"

"भागोजी, रीत हाय. बाईमानूस लाटंवर चढत नाय."

"बांधनारा आधी लटकतो, ही पन रीतच हाय. दोनातली कुठली मोडायची ती सांग. हृतिकला दुसऱ्याच्या गाठीवर चढवू?"

"लोक काय म्हनतील?"

"सायबाच्या लाटंवर सा म्हयने रोज चढली ती. देवीच्या लाटंला कमी पडली काय?"

महिपतीकाकांनी पुजाऱ्याकडं पाहिलं. पुजारी कापूर शोधत होता, तो शोधतच राहिला. हृतिक म्हणाला, "काका, ताईनं बांधलीये, ताईच जाऊ दे. सच्ची सांगू, माझी तर फाटली होती." त्यावर बायकांत हशा पिकला.

सारिकानं खिसे रिकामे केले. फोन, किल्ल्या, हातोडी आईच्या ओंजळीत दिली. ओढणी कमरेला खोचली. हृतिकनं शेला गुंडाळला, तिनं स्वतः गाठ चाचपली. दोर ओढला गेला. ती वर गेली आणि ढोल सुरू झाला. पहिली फेरी कौलांवरून, दुसरी फणसावरून. नियम एकाच फेरीचा होता, पण दोर धरणाऱ्यांनी तिला तीन फिरवलं. ती डोळे उघडे ठेवून खुंट्याकडं बघत होती, आवाज ऐकत होती. उतरल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, "खुंट्याला थोडं अजून तेल पायजे."

तेल घालेपर्यंत साडेपाच झाले. नवसाची अकरा माणसं रांगेत होती. ती म्हणाली, दहा मिनिटांत येते, तोवर कुणी शेल्याला हात लावू नका.

वाडीत फोनला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी येते. आईकडून फोन घेऊन ती चढायला लागली, आणि मागोमाग आई. तुळसाबाईंना दम लागत होता, पण बोलणं थांबलं नव्हतं.

"येकदा इचार कर. तुजं वय किती. उद्या लग्नाला बी इचारतील, नोकरी का सोडली."

"विचारू दे."

"काय लिवनार तू त्यांना?"

सारिकानं फोन दाखवला. मजकूर आधीच लिहून ठेवला होता, इंग्रजीत. तिनं आईला मराठीत वाचून दाखवला. मी सही करते. एकच अट आहे. हा कागद ज्यांनी लिहिला त्यांनी बदललेला जुना कान परत बसवावा, तीन नंबरच्या खुर्चीत बसावं आणि एक पूर्ण फेरी मारावी. ते उतरले की मी त्यांच्यासमोर सही करीन.

आई टाकीच्या कठड्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. बोटाला कपाळावरचं लाल लागलं, ते बघत बसल्या.

"कुंकू कवा लावलंवतंस तू?"

"खंडेनवमीला."

"आन रेघ दिसली कवा?"

"जानेवारीत."

"तीन म्हयने?" त्यांनी बोट पुढं केलं. "हे बग. सकाळी लावलेलं, आता पुसलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडावर तीन म्हयने ऱ्हातंय होय कुंकू? सायबांच्या घरात कुनी बाय नाय काय, सांगायला? खोटं लिवायचं तर नीट तरी लिवायचं."

सारिका त्यांच्याकडे बघत राहिली.

"बगतेस काय. हे बी लिव. माजं नाव घाल खाली."

सारिकानं लिहिलं. खाली नाव घातलं, तुळसाबाई भागोजी उतेकर. पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी मेल गेला. वहीतल्या पट्टीचा फोटो तिनं सोबत जोडला.

दोन मिनिटांत रितेशचा फोन आला. त्यालाही प्रत गेली होती. खालून ढोलाचा आवाज येत होता, तिनं एका कानावर हात ठेवला.

"ताई, हे काय पाठवलंत? अहो, त्या लोकांना मस्करी कळत नाही."

"मस्करी नाही ती."

"म्हणजे सही नाही?"

"अट लिहिलीये."

"असं कुणी खुर्चीत बसतं का ताई?"

"मी रोज बसायचे."

"फाईल बंद होईल तुमची. मला पुढं काही करता येणार नाही. अजून सोळा मिनिटं आहेत, दुसरा मेल टाका, म्हणा चुकून गेला."

"रितेश, खाली अकरा माणसं थांबलीत. मी गाठ मारल्याशिवाय त्यांना कुणी वर नेणार नाही. ठेवते."

तिनं फोन ठेवला. आई तोवर उतरायला लागल्या होत्या. अर्ध्या वाटेत वळून त्यांनी विचारलं, "मला लटकता यील काय गो? दोन वरसं झाली, हृतिकच्या नोकरीचा नवस बोललेवते."

"ये की," सारिका म्हणाली. "खिसे बघ आधी."

"लुगड्याला खिसा कुठला?"

"मग कनवटीला काय हाय ते काढ."

तुळसाबाईंनी कनवटीची कुंकवाची डबी काढून तिच्या हातात दिली, आणि दोघी देवळाकडे निघाल्या.